कॉलेजात लोकांशी आणि अभ्यासाशी कसं जमवून घ्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी नवीन बॅच आली की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. वरपासून खालपर्यंत वाचलंच पाहिजे असं काही नाही, आपला प्रश्न शोधा, उत्तर वाचा, कामाला लागा. माझं एक मत जवळपास सगळ्या उत्तरांत डोकावेल, ते आधीच सांगतो: मैत्री असो नाहीतर अभ्यास, एका दिवसात जोर लावून दोन्ही होत नाहीत, थोडं थोडं पण सारखं करावं लागतं.

प्रश्न: पहिला आठवडा आहे, कोणालाच ओळखत नाही. सुरुवात कुठून करू?

बसायच्या जागेपासून. मस्करी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीतल्या मैत्रीवर 1950 मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात शेजारशेजारच्या दारांत राहणाऱ्यांपैकी 41 टक्के लोक एकमेकांचे जवळचे मित्र निघाले आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त 10 टक्के. म्हणजे स्वभाव, आवडीनिवडी वगैरे नंतर, आधी कोण सारखं सारखं समोर येतं ते महत्त्वाचं. त्यामुळे रोज साधारण एकाच भागात बसा आणि पाच मिनिटं आधी पोचा, फोन बॅगेत. ती पाच मिनिटंच कामाची असतात कारण लेक्चर संपलं की सगळे पळतात, कोणी कोणासाठी थांबत नाही.

बोलायचं काय? "कालचं शेवटचं उदाहरण तुला कळलं का?" बास, एवढंच. "तुझे छंद काय" टाईप प्रश्नांनी समोरचा बुजतो. वर्गातला विषय दोघांनाही माहीत असतो, तो धरायचा, बाकीचं आपोआप निघतं. नाव विचारा आणि दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारा. नाव विसरलात तर "सॉरी, नाव परत सांग ना" म्हणा बिनधास्त. पहिल्या महिन्यात हे चालून जातं, सहाव्या महिन्यात जाम अवघड होतं (आणि मग लोक वर्षभर "अरे", "अगं" वर काम चालवतात).

प्रश्न: मला लोकांशी बोलायची लाज वाटते. वाटतं सगळे माझ्याकडेच बघतायत.

नाही बघत. कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2000 मध्ये यावर एक मजेशीर प्रयोग छापला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा, एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवायचे आणि नंतर विचारायचे की किती जणांच्या लक्षात आलं असेल. टी-शर्टवाल्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता, प्रत्यक्षात लक्षात आलं पाव लोकांच्या. ज्याला त्याला स्वतःचीच पडलेली असते, तुमच्या अडखळण्याकडे बघायला वेळ कोणाला आहे.

अजून एक, अनोळखी माणसाशी गप्पा झाल्या की आपल्याला वाटतं त्याला आपण काही खास आवडलो नाही, पण समोरच्याला आपण वाटतो त्यापेक्षा जास्त आवडलेलो असतो, यावरही 2018 मध्ये संशोधन आलंय. त्यामुळे घरी जाऊन "मी ते वाक्य का बोललो" असं उगाळत बसू नका.

प्रश्न: दोन महिने झाले, सगळ्यांचे ग्रुप बनलेत. मला उशीर झाला का?

नाही. सुरुवातीचे ग्रुप बहुतेक वेळा भीतीपोटी बनतात, एकटं दिसायला नको म्हणून, आणि पहिल्या परीक्षेनंतर त्यांची बऱ्यापैकी फेरजुळणी होते. कॅन्सस युनिव्हर्सिटीतल्या एका अभ्यासात 2018 मध्ये असा हिशोब मांडला होता की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र जावे लागतात, खरी मैत्री व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. आता बघा, दोन महिन्यांत कोणाचे एवढे तास झाले असतील? जे फोटोत गळ्यात गळे घालून दिसतात त्यांचेही बहुतेक झालेले नसतात. आणि वर्गात शेजारी गप्प बसलेले तास यात फारसे कामाला येत नाहीत, बोलणं, हसणं, एकत्र काहीतरी करणं व्हावं लागतं. म्हणून लॅब पार्टनर, एकाच बसने जाणारे, एकाच क्लबमधले, हे लोक पकडा, तिथे तास आयते जमतात.

प्रश्न: लेक्चरचं रेकॉर्डिंग मिळतं, पीपीटी मिळते. मग बसायचं कशाला?

"नंतर बघू" म्हणून ठेवलेलं रेकॉर्डिंग परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट स्पीडने बघितलं जातं, हे तुम्हालाही माहितीय. शिवाय कुठला मुद्दा सरांनी दोनदा सांगितला, कुठे थांबून फळ्यावर लिहिलं, हे पीपीटीत नसतं आणि पेपर बहुतेक वेळा तिथूनच निघतो. आणि लोक भेटतात ते वेगळंच.

प्रश्न: नोट्स वहीत काढू की लॅपटॉपवर?

यावर लोक फार भांडतात. 2014 मध्ये एक गाजलेला अभ्यास आला की हाताने लिहिणाऱ्यांना संकल्पना जास्त चांगल्या समजतात कारण लॅपटॉपवाले शब्दन् शब्द उतरवत बसतात, पण नंतर तोच प्रयोग परत केला तेव्हा फरक तेवढा ठळक दिसला नाही. म्हणून माझं म्हणणं: साधन कुठलंही वापरा, पण सर बोलले ते जसंच्या तसं उतरवू नका, ऐका आणि आपल्या शब्दांत लिहा.

पान कसं आखायचं म्हणाल तर कॉर्नेलवाली पद्धत मला अजूनही सगळ्यात सुटसुटीत वाटते. डावीकडे साधारण एक तृतीयांश पान मोकळं सोडायचं, उजवीकडे लेक्चर चालू असताना नोट्स आणि खाली चार-पाच ओळींची जागा. त्याच दिवशी संध्याकाळी डावीकडे प्रश्न लिहायचे. समजा उजवीकडे "मागणी वाढली, पुरवठा तोच, किंमत वर" असं आहे, तर डावीकडे "पुरवठा तोच असताना किंमत का वाढते?" असं. खाली दोन ओळींत सगळ्याचा सार. परीक्षेच्या वेळी उजवी बाजू हाताने झाकायची आणि डावीकडचे प्रश्न स्वतःला विचारत सुटायचं. गाईड विकत घ्यायची गरजच पडत नाही, आपणच आपलं गाईड लिहिलेलं असतं.

लॅपटॉप वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट: 2013 च्या एका अभ्यासात लेक्चरमध्ये लॅपटॉपवर इकडचं तिकडचं उघडणाऱ्यांचे मार्क तर कमी आलेच, पण ज्यांना त्यांची स्क्रीन दिसत होती त्यांचेही कमी आले. मॅच बघायचीच असेल तर निदान शेवटच्या बाकावर बसून बघा, बाकीच्यांवर उपकार होतील.

प्रश्न: मी खूप वाचतो, समजतं पण, पेपर हातात आला की सगळं ब्लँक. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तक उघडं असताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण त्यालाच "आलं" समजतो. पण पेपरात पुस्तक समोर नसतं, तिथे आतून बाहेर काढावं लागतं आणि त्याची प्रॅक्टिस आपण कधी केलेलीच नसते. 2006 मध्ये दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला, दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तर सगळं उलटं, वाचणारे 40 वर आले आणि लिहून काढणारे 61 वर. आणि गंमत म्हणजे वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती की आपल्याला चांगलं आठवेल.

म्हणून धडा वाचून झाला की पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा. पहिल्यांदा चार ओळीच येतील आणि स्वतःचा राग येईल, येऊ दे. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते वेगळ्या पेनाने भरा. उद्या परत, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. मधे विसरायला थोडा वेळ द्यायचाच, कारण जरा धडपडून आठवलेलं जास्त टिकतं. विसरण्याचा वेग कसा असतो हे एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलंय, सुरुवातीला घसरण फार जोरात आणि नंतर हळू. म्हणून पहिली रिव्हिजन लवकर हवी, महिन्याने नाही.

आणि ते हायलायटर. 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा एक मोठा आढावा आला होता, त्यात ओळी रंगवणं आणि परत परत वाचणं हे दोन्ही कमी उपयोगाच्या यादीत, आणि स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर वाटून करणं हे सगळ्यात वर. पान पिवळंधमक करून अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, मार्क मिळत नाहीत.

प्रश्न: आदल्या रात्री नाईट मारून पास होतोच की आम्ही.

होताही. पण पुढच्या सेमिस्टरला त्याच विषयाचा दुसरा भाग येतो तेव्हा पाटी कोरी असते. झोपेत मेंदू दिवसभराचं पक्कं करत असतो, तीच कापली तर वाचलं ते पालथ्या घड्यावर पाणी. अठरा ते पंचवीस वयाला 7 ते 9 तास झोप सांगितलेली आहे, आणि 17 ते 19 तास सलग जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाएवढी खाली येते असं 2000 मधल्या एका प्रयोगात दिसलं होतं. त्या अवस्थेत गणितं सोडवायची आहेत का तुम्हाला?

प्रश्न: रोज किती तास बसायचं?

अमेरिकेत क्रेडिटचा हिशोब साधारण असा धरतात की वर्गात एक तास तर बाहेर दोन तास, आणि युरोपात पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट म्हणजे 1500 ते 1800 तास काम, लेक्चर धरून. म्हणजे फुल टाइम कॉलेज ही फुल टाइम नोकरीच आहे, हे एकदा डोक्यात बसलं की बरं. पण "आज मी आठ तास बसलो" या आकड्यात फार अर्थ नाही, त्यातले दोन तास टेबल आवरण्यात गेलेले असतात. बसायच्या आधी चिठ्ठीवर लिहा की उठेपर्यंत काय झालेलं असेल: "तिसऱ्या प्रकरणाची पाच गणितं, न बघता." ती झाली की उठा. 25 मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी हा प्रकार सुरू व्हायला चांगला आहे, पण एकदा तंद्री लागली की टायमर वाजला म्हणून उठायचं काही कारण नाही.

प्रश्न: फोनचं काय करू?

दुसऱ्या खोलीत ठेवा. सायलेंटवर, उलटा करून, शेजारी ठेवून कोणाचंही भलं झालेलं मी बघितलं नाही.

प्रश्न: ग्रुप स्टडी खरंच कामाची असते का, की नुसत्या गप्पा?

सगळ्यांनी कोरं येऊन "चला करूया" म्हटलं तर नुसत्या गप्पा. प्रत्येकाने आधी एकट्याने एक भाग करून यायचा आणि मग बाकीच्यांना समजवायचा, तर जबरदस्त. समजवताना जिथे "म्हणजे ते असं असतं ना..." म्हणून हात हवेत फिरायला लागतात तिथे आपल्यालाच कळलेलं नसतं, लगेच सापडतं. तीन-चार जण पुरे. आणि एखादा सारखा फक्त विचारायलाच येतो, करून काहीच येत नाही, तर त्याला पुढच्या वेळी आधीच सांगा, "पाचवं प्रकरण तुझं."

प्रश्न: ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक जण काहीच करत नाही. भांडू, सांगू, की आपणच करून टाकू?

आधी एक समजून घ्या, माणूस दर वेळी आळशी असतोच असं नाही, गर्दीत जोर आपोआप कमी लागतो. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने लोकांना दोर ओढायला लावून हे मोजलं होतं, 1913 मध्ये ते छापून आलं, आठ जण एकत्र ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागतो त्याच्या निम्म्यावर. एक कारण म्हणजे कोणी किती ओढलं ते दिसत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये पण तेच होतंय. "सगळ्यांनी मिळून रिपोर्ट करूया" म्हटलं की संपलं.

उपाय म्हणजे काम दिसेल असं वाटायचं. पहिल्याच मीटिंगमध्ये प्रत्येक तुकड्यापुढे एक नाव आणि एक तारीख, दोन नावं नकोत. आणि ती तारीख खऱ्या सबमिशनच्या चार दिवस आधीची ठेवा, कोणीतरी आजारी पडतंच, कोणाचा तरी लॅपटॉप बसतोच. मग ग्रुपवर मेसेज असा: "आलेख माझ्याकडे, बुधवार. माहिती गोळा करणं तुझ्याकडे, मंगळवार संध्याकाळ. अडलं तर सोमवारीच सांग, मी बसतो तुझ्यासोबत." यात आरोप नाही पण पळवाट पण नाही.

तरी नाही केलं तर एकट्यात विचारा, ग्रुपवर टोमणे मारू नका. बऱ्याच वेळा कारण भलतंच निघतं, त्याला ते येतच नसतं आणि विचारायची लाज वाटत असते, किंवा घरी काहीतरी चालू असतं. काम बदलून द्या. तरीही आयत्या बिळावर नागोबा व्हायचंच ठरवलं असेल तर सबमिशनच्या आधी सरांना सांगा, शांतपणे, कामाची यादी दाखवून. नंतर सांगितलं तर ती चुगली वाटते. आणि गुपचूप सगळं स्वतः करून मग वर्षभर धुसफुसणं हा सगळ्यात वाईट पर्याय, त्यात मैत्रीही जाते आणि झोपही.

प्रश्न: सरांना, मॅडमना शंका विचारायची भीती वाटते. मूर्ख वाटलो तर?

शिकवणाऱ्यांना "मला काहीच कळलं नाही" याचा वैताग येतो, कारण त्याला उत्तर काय द्यायचं? पण "मी इथपर्यंत आलो, पुढे अडलो" याचा नाही येत. भेटायची वेळ दिलेली असेल तर जा, परीक्षा सोडून बाकीच्या दिवशी तिथे कोणीच नसतं. मेल करायचा असेल तर असा:

"नमस्कार मॅडम, मी पहिल्या वर्षाच्या ब तुकडीत आहे. तिसऱ्या असाइनमेंटमधल्या चौथ्या प्रश्नात दुसऱ्या पायरीनंतर माझं चिन्ह उलटं येतंय. आतापर्यंत केलेलं जोडलं आहे. उद्या लेक्चरनंतर पाच मिनिटं भेटता येईल का?"

खाली पूर्ण नाव. विषयाची ओळ रिकामी सोडू नका आणि रात्री दोनला पाठवून सकाळी आठला "मॅडम रिप्लाय?" तर अजिबात नको.

प्रश्न: रूममेटशी रोज खटके उडतात.

लाईट कधी बंद, अलार्म किती वेळा वाजणार, बाहेरचे लोक कधी येणार, न विचारता काय वापरायचं आणि काय नाही, या चार गोष्टींवर नव्वद टक्के भांडणं होतात (आकडा माझ्या मनाचा, पण हॉस्टेलवाले मान डोलावतील). पहिल्या आठवड्यात, सगळं गोड चाललेलं असतानाच बोलून घ्या. आणि तक्रार असेल तर माणसाबद्दल नको, गोष्टीबद्दल: "तू फार बेफिकीर आहेस" नाही, "तुझा अलार्म साडेपाचपासून पाच वेळा वाजतो, मला परत झोप लागत नाही, एकदाच लावशील का?" मनात साठवून ठेवलं की एक दिवस भलत्याच गोष्टीवरून स्फोट होतो आणि समोरच्याला कळतच नाही हे कुठून आलं. रूममेट जिगरी दोस्त झालाच पाहिजे असंही नाही, दोघं नीट झोपू शकतात एवढं पुष्कळ आहे.

प्रश्न: मित्र असाइनमेंट कॉपीला मागतो. नाही म्हटलं तर वाईट दिसतं.

नोट्स द्या, असाइनमेंट नका देऊ. दोन सारखी सबमिशन सापडली की बऱ्याच ठिकाणी देणारा आणि घेणारा दोघांवर कारवाई होते. "अख्खी नाही देत, पण ये, अर्धा तास बसू, कसं करायचं ते दाखवतो" हे म्हणा. ज्याला खरंच गरज आहे तो येतो.

प्रश्न: एआयकडून लिहून घेतलं तर?

तुमच्या कॉलेजचा नियम काय आहे तो आधी वाचा, काही ठिकाणी मुभा आहे काही ठिकाणी नाही. पण नियम बाजूला ठेवला तरी, व्हायवात "हे वाक्य का लिहिलंस" विचारल्यावर जी शांतता पसरते ती बघण्यासारखी असते. त्यापेक्षा "या प्रकरणावर मला दहा प्रश्न विचार, उत्तर आधी सांगू नको" असं वापरा. ते चुकीचंही ठोकून देतं, तेव्हा पुस्तकाशी ताडून बघा.

प्रश्न: किती क्लब, किती इव्हेंट? सगळे बोलावतात आणि नाही म्हणता येत नाही.

पहिल्या महिन्यात सगळीकडे डोकावा, मग एक ठेवा, फार तर दोन. पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात नुसतं नाव असण्यापेक्षा एका ठिकाणी खुर्च्या लावणारा, पोस्टर चिकटवणारा, शेवटपर्यंत थांबणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो. नाही म्हणताना लांबलचक कारणं नकोत: "आज नाही जमणार, शनिवारी नक्की," आणि शनिवारी खरंच जा.

प्रश्न: पहिल्याच परीक्षेत आपटलो. शाळेत तर पहिला यायचो.

शाळेत पहिले येणारे सगळेच इथे आलेत, त्यामुळे हे होतं. उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर नक्की बघा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, की वेळ पुरला नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, नुसतं "जास्त अभ्यास करीन" हा त्यातल्या कशाचाच उपाय नाही.

पण झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, उठावंसंच वाटत नाही असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तो अभ्यासाच्या टाइमटेबलचा प्रश्न नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा आणि घरच्या एखाद्या माणसाला सांगा. स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर थांबू नका, त्याच क्षणी कोणाला तरी फोन लावा. मित्राचं असं दिसलं तर उपदेश करू नका, सोबत चला, समुपदेशकाच्या दारापर्यंत.

प्रश्न: सिनिअर्सना नेमकं काय विचारावं?

"कुठले सर कडक आहेत" सोडून बाकी काहीही. मागच्या वर्षांचे पेपर कुठे मिळतात, कुठल्या विषयाची असाइनमेंट दिसायला छोटी पण आठवडा खाते, लॅबचं जर्नल कधीपासून लिहायला घ्यायचं, परीक्षेच्या दिवसांत लायब्ररीत जागा मिळायला किती वाजता पोचावं लागतं, हे विचारा. पेपर घेतलेत तर परत करा, आणि निकाल लागला की एक मेसेज टाका, कारण पुढच्या सेमिस्टरला परत त्यांच्याचकडे जायचंय.